न अडकलेली लिफ्ट

सेनेटर डेसमंड पेंगिली पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आपल्या ऑफिसच्या मोरीत उभे होते आणि कपडे तुडवत होते. शॉवरखालचे भोक त्यांनी हातरुमालाने बंद केले होते. पाणी घोट्याच्या वर आले होते आणि फेस त्याच्याही वर. एका पावलाला एक तुकडा, असे त्यांचे भाषण चालले होते.

"अध्यक्ष महोदया," डावा पाय. "पोर्ट हॅलमच्या बायकांनी," उजवा पाय. "दोन तास गाडीत कळा सोसायच्या का?" इथे त्यांनी दोन्ही पाय एकदम आपटले, कारण प्रश्न महत्त्वाचा होता.

संसदेच्या इमारतीत धुणे धुण्याची वेळ त्यांच्यावर आली, त्याचे कारण आदल्या दिवशी घडले होते. घरी मशीन त्यांची बायको मॉरीन लावायची. ती गेल्यापासून पेंगिली नवे गंजीफ्रॉक विकत घेत होते. कॅनबेरातल्या फ्लॅटच्या कपाटाचे दार लागेनासे झाले, तेव्हा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मशीन लावले. पावडरीच्या खोक्यावर 'एक माप' असे लिहिले होते. माप कुठले ते न लिहिल्यामुळे त्यांनी चहाचा मग घेतला. थोड्या वेळाने खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या. त्यांनी नुसता आपला ओला गालिचा उचलून दाखवला. त्यानंतर पेंगिलींची मशीनकडे बघायची हिंमत झाली नाही.

मदत मागता आली असती. पण पासष्ट वर्षांच्या माणसाने, तेही देशाचे कायदे करणाऱ्याने, कुणाला काय विचारायचे?

शिवाय तो दिवसच वेगळा होता. पोर्ट हॅलमच्या इस्पितळातला बाळंतपणाचा वॉर्ड बंद होणार होता. तो प्रश्न चौकशी समितीकडे द्यावा असा पेंगिलींचा ठराव होता. चौकशी लागली तर ती संपेपर्यंत वॉर्ड चालू राहणार, नाहीतर महिनाअखेरीस कुलूप. ते मतदान बघायला गावातल्या बायका बस करून कॅनबेराला आल्या होत्या. त्यांच्या पुढारी होत्या बेरिल नॅनकर्व्हिस. बेरिलबाईंनी इस्पितळासाठी तीस वर्षे केक विकले होते आणि पेंगिली चड्डीत असल्यापासून त्या त्यांना ओळखत होत्या.

बेरिलबाईंना संसदेच्या संकेतस्थळावर पेंगिलींचे पान कुठे असते ते माहीत होते. सेनेटर अलीकडे सभागृहात काय काय बोलला, ते त्या पानावर कुणालाही वाचता येते. मॉरीन गेल्यापासून पेंगिलींच्या पानावर तीन गोष्टी जमा झाल्या होत्या. एकदा ते "बरोबर, बरोबर" म्हणाले होते. एकदा "मी शब्द मागे घेतो" म्हणाले होते. आणि एकदा "माझा माइक चालू आहे का?" असे विचारले होते. बेरिलबाईंनी ही तिन्ही वाक्ये इस्पितळाच्या चहापानात मोठ्याने वाचून दाखवली आणि म्हणाल्या, "माझ्या कोंबड्या याच्यापेक्षा जास्त बोलतात."

पेंगिलींच्या कानावर ते आले होते. आज ते भाषण करणार होते आणि स्वच्छ शर्टात करणार होते.

त्यांची सहायक एफी कोंडिलिस सकाळीच बजावून गेली होती, "मी बायकांना इमारत दाखवून गॅलरीत बसवते. मतदान संध्याकाळी आहे. तोवर भाषण पाठ करा. आणि डेस, ती करडी पँट बदला. तिच्यावर सूप सांडलंय."

पेंगिलींनी करडी पँट बदलली आणि धुण्यात टाकली. तिच्या खिशात त्यांचा फोन होता.

कॅनबेराच्या थंडीत कपडे वाळत नाहीत. पण ऑफिसातल्या घड्याळाच्या वर गरम हवेचा झरोका होता. पेंगिलींनी पहिला पिळलेला गंजीफ्रॉक घड्याळावर पसरला. संसदेतले घड्याळ नुसते वेळ दाखवत नाही. सेनेटमध्ये मतदान पुकारले की त्यावरचा लाल दिवा लुकलुकतो आणि घंटा वाजते. चार मिनिटे वाजते. मग सभागृहाची दारे बंद होतात, आणि बाहेर राहिला तो राहिला.

संध्याकाळपर्यंत चालणारी आधीची चर्चा दुपारीच आटोपली, कारण जे सेनेटर दोन तास बोलणार होते त्यांचा घसा बसला. पेंगिली वाटेत असतील अशा समजुतीने पक्षाच्या व्हिप ग्वेंडा स्ट्राउड यांनी त्यांच्या वतीने ठराव मांडला. मतदान पुकारले गेले. गंजीफ्रॉकाखाली लाल दिवा लुकलुकू लागला. घंटाही वाजू लागली, पण ओल्या जाड सुती कापडाखाली ती एखाद्या शेजाऱ्याच्या दारावरची वाटत होती, आणि मोरीत तर "अध्यक्ष महोदया" चालले होते.

गंजीफ्रॉक गरम हवेने वाळत आलाच होता. वाळला तसा हलका झाला, सरकला आणि खाली पडला.

घंटा एकदम अंगावर आली. पेंगिली मोरीतून उडीच मारून बाहेर आले. मोजे शोधायला वेळ नव्हता. ओल्या पायांत बूट घालून ते लांबलचक कॉरिडॉरमधून धावत सुटले. सभागृहाच्या दाराशी पोचले, तेव्हा दाराची शेवटची फट मिटत होती.

मागून कुणीतरी धापा टाकत आले. दुसऱ्या एका छोट्या पक्षाचे सेनेटर रॉल्फ आख्टरबर्ग. तेही ठरावाच्या बाजूचे. त्यांच्या खांद्यावर टॉवेल होता आणि उजव्या कानावरून काळा ओघळ मानेपर्यंत आला होता. सत्तरीतल्या आख्टरबर्गांचे केस इतके काळे कसे, हे कोडे पेंगिलींना बारा वर्षे सुटले नव्हते. ते या क्षणी सुटले.

"तू पण?" पेंगिली म्हणाले.

"गप्प बस," आख्टरबर्ग म्हणाले.

दार उघडले आणि ग्वेंडा बाहेर आल्या. "एका मतानं पडला," त्या म्हणाल्या. "एका! आणि माझी दोन मतं इथं बाहेर उभी! डेस, तुझा ठराव होता तो! कुठं होतास?"

पेंगिलींनी तोंड उघडले. खरे उत्तर जिभेवर आले होते. पण तेवढ्यात वरच्या गॅलरीतून उतरलेल्या बेरिलबाई ग्वेंडांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या, आणि खरे उत्तर परत फिरले.

"लिफ्ट," पेंगिली म्हणाले. "लिफ्ट अडकली."

"तीच लिफ्ट," आख्टरबर्ग लगेच म्हणाले. "दोघं होतो आम्ही."

"आणि तू गुडघ्यापर्यंत ओला का आहेस?" ग्वेंडांनी विचारले.

"आत फार उकडत होतं."

"घाम आहे तो?"

"पायांना जास्त येतो मला."

"भट्टी होती नुसती," आख्टरबर्ग कान पुसत म्हणाले. टॉवेल काळा झाला.

ग्वेंडांचा चेहरा खुलला. "मग अजून काही बिघडलेलं नाही. अपघातानं मतदान चुकलं तर सभागृह पुन्हा मत घेऊ देतं. फक्त दोघांनी उभं राहून काय झालं ते सांगायचं. पलीकडच्या बाजूनं कुणी हरकत घेतली नाही म्हणजे झालं. लिफ्टला कोण हरकत घेणार? उद्या प्रश्नोत्तरांनंतर घेऊ." आणि त्या लगबगीने गेल्या.

बेरिलबाई तिथेच होत्या. "बाई गं," त्या म्हणाल्या. "अडकला होतास होय! आणि मी वर बसून तुला काय काय बोलले. आमच्या बसमधली ही सुझन साक्षीला आहे. डेस, माफ कर हो मला."

बेरिलबाईंनी माफी मागितल्याचे पेंगिलींना आठवत नव्हते. बहुधा ही पहिलीच होती, आणि ती चुकीच्या माणसाला मिळाली होती.

एफी ऑफिसात आली तेव्हा तिने आधी जमिनीवरचे पाणी बघितले, मग घड्याळाखाली पडलेला गंजीफ्रॉक, मग मोरीत तरंगणारी करडी पँट. तिने पँटच्या खिशातून फोन काढून निथळत धरला.

"अकरा वेळा लावला मी," ती म्हणाली. "लिफ्टमध्ये पाऊस होता का?"

पेंगिलींनी सगळे सांगितले. एफी खुर्चीत बसली.

"सभागृहात उभं राहून खोटं बोललात तर प्रकरण शिस्तीच्या समितीकडे जाईल, हे माहीत आहे ना?"

"खरं बोललो तर पलीकडची बाजू हरकत घेईल. म्हणतील, धुणं धुणं हा काय अपघात आहे का? मग वॉर्ड गेला. एफी, एवढ्यापुरतं एक वाक्य लिहून दे. लिफ्ट अडकली, खेद वाटतो, बास."

"नाही देणार. खोटं असेल तर तुमचं तुम्ही जुळवा. खरं असेल तर लिहून कशाला लागतं?"

तोवर लिफ्ट आपल्या वाटेने पुढे गेली होती. दोन सेनेटर भट्टीसारख्या लिफ्टमध्ये अडकले, मतदान चुकले, ही बातमी चहाच्या वेळेपर्यंत सगळ्या इमारतीत पसरली. कुठली लिफ्ट हे दोघांनाही नक्की सांगता येईना, म्हणून इमारतीच्या कार्यालयाने त्या बाजूच्या सगळ्याच लिफ्ट बंद केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यांवर रांगा लागल्या. एका मंत्र्याने दोन मजले चढून आल्यावर मुलाखत दिली आणि ती मुलाखत निम्मी श्वासाचीच झाली. विरोधी बाजूच्या एकाने लिफ्टच्या चौकशीचा ठराव तयार केला. त्याला म्हणे दोन्हीकडून पाठिंबा मिळत होता, जो इस्पितळाला मिळाला नव्हता.

पेंगिली जिन्याने वर येत होते, तेव्हा मधल्या वळणावर बेरिलबाई कठड्याला धरून उभ्या होत्या. त्यांच्या कमरेचा खुबा बदललेला होता.

"अजून किती आहेत रे?"

"थोड्याच आहेत. माझा हात धरा."

"धरते. काल तुझं काय झालं असेल, ते आज कळतंय मला," त्या म्हणाल्या. "कोंडून राहायचं म्हणजे काय! यापेक्षा जिना बरा."

पेंगिलींनी त्यांना गॅलरीपर्यंत पोचवले. एका पायरीला एकदा, अशी त्यांना लाज वाटत होती.

ऑफिसात परत आले तर दाराशी निळ्या कपड्यांतला एक धिप्पाड माणूस टोपी हातात घेऊन उभा होता.

"मी तेविता, साहेब. तेविता फोनुआ. लिफ्ट मी बघतो."

पेंगिलींचे पाय तिथेच थांबले.

"माफी मागायला आलोय," तेविता म्हणाला. "आत उकडत होतं म्हणे. तुम्हाला काही त्रास नाही ना झाला? छातीत वगैरे?"

"नाही, नाही."

"बायको म्हणाली, आधी त्यांना भेटून ये. मी सगळ्या लिफ्ट उघडून बघितल्या. मला काही सापडत नाही. माझ्याकडून काय राहिलं तेच कळत नाही. काल तुम्ही होता, उद्या कुणाचं तान्हं मूल असेल आत."

"तुमची काही चूक नाही," पेंगिली म्हणाले.

"असं तुम्ही म्हणता, साहेब. हा तुमचा मोठेपणा."

तो गेला. पेंगिलींनी आत येऊन दार लावले. एफी कॉम्प्युटरवर काहीतरी करत होती. तिने वर बघितले नाही, आणि तेच जास्त लागले.

प्रश्नोत्तरे संपली. गॅलरीत पोर्ट हॅलमच्या बायका पुढच्या रांगेत बसल्या होत्या. आधी आख्टरबर्ग उठले. त्यांनी कान घासून लाल केला होता, तरी मागच्या बाजूला काळे राहिलेच होते. त्यांना दोन वाक्ये बोलायची होती. पण सगळे सभागृह कान देऊन ऐकते आहे असा योग त्यांना बऱ्याच वर्षांत आला नव्हता.

"अध्यक्ष महोदया, लिफ्टमध्ये अंधार होता," ते म्हणाले. "हवा संपत आली होती. सेनेटर पेंगिली खचले होते. मी त्यांचा हात हातात घेतला. म्हटलं, डेस, देशाला आपली गरज आहे. लढायचं."

"वा!" मागून कुणीतरी म्हणाले. आख्टरबर्ग डोळे टिपत खाली बसले.

"सेनेटर पेंगिली," अध्यक्षा म्हणाल्या.

पेंगिली उठले. वर गॅलरीत बेरिलबाईंनी मान हलवून धीर दिला. समोर विरोधी बाजूच्या नेत्या लॉरेन क्विल्टर हाताची घडी घालून बसल्या होत्या. परवानगी मिळणार की नाही, हे त्यांच्या एका शब्दावर होते.

"अध्यक्ष महोदया," पेंगिली म्हणाले, आणि त्यांचा डावा पाय आपोआप उचलला गेला. तो त्यांनी खाली ठेवला. "मी लिफ्टमध्ये नव्हतो."

 आख्टरबर्गांनी डोळे मिटले.

"मी माझ्या ऑफिसात गंजीफ्रॉक धूत होतो. एक धुतलेला घड्याळावर वाळत घातला होता, म्हणून घंटा ऐकू आली नाही. मला मशीन लावता येत नाही. माझी बायको लावायची. ती गेली त्याला दीड वर्ष झालं. मला कुणाला विचारायची लाज वाटली आणि त्या लाजेपायी मी खोटं बोललो. त्यामुळे कालपासून माणसं जिने चढतायत आणि एक चांगला कारागीर माझी माफी मागून गेला. लिफ्टमध्ये काही दोष नाही. दोष सगळा इथं उभा आहे. परवानगी देऊ नये असं वाटलं तर माझी तक्रार नाही. पण माझ्या चड्डी-बनियनची शिक्षा पोर्ट हॅलमच्या बाळंतिणींना देऊ नका, एवढीच विनंती."

आधी एक जण हसला. मग सगळे हसले, दोन्ही बाजू, पत्रकार, अगदी अध्यक्षांच्या समोर बसणारे कारकूनसुद्धा. पेंगिली उभेच राहिले. कोणीतरी ओरडले, "मग आख्टरबर्ग कुणाचा हात धरून बसला होता?"

आख्टरबर्ग अर्धवट उठले. "मी... मी बहुतेक दुसऱ्या लिफ्टमध्ये असेन."

"सेनेटर, खाली बसा," अध्यक्षा म्हणाल्या. त्यांचाही आवाज नीट निघत नव्हता.

मग लॉरेन क्विल्टर उठल्या आणि हसणे थांबले.

"सेनेटर आख्टरबर्ग यांच्याबद्दल," त्या म्हणाल्या, "केस रंगवणं अपघातात मोडतं का, याचा कायद्याचा सल्ला घ्यावा लागेल. पण मत घ्यायचं तर सगळ्यांचंच घ्यावं लागतं. सेनेटर पेंगिलींनी केलं ते चूक होतं. घड्याळावर कुणी कपडे वाळत घालतं का? आमच्या बाजूला सगळेजण खुर्चीच्या पाठीवर..." इथे त्या थांबल्या. त्यांच्या मागे बसलेले तीन सेनेटर खाली बघू लागले. "आमची हरकत नाही," एवढे बोलून त्या बसल्या.

पुन्हा घंटा वाजली. पुन्हा मते मोजली. ठराव एका मताने संमत झाला. गॅलरीत टाळ्या वाजवायला मनाई आहे. बेरिलबाईंनी वाजवल्या आणि रखवालदार जवळ आला तेव्हा त्यालाही वाजवायला सांगितले.

बाहेर कॉरिडॉरमध्ये पेंगिली त्यांच्यासमोर मान खाली घालून उभे राहिले.

"बोला," ते म्हणाले.

"काय बोलू? वॉर्ड राहिला," बेरिलबाई म्हणाल्या. "चूक मॉरीनची. माझ्या नवऱ्याला मी पहिल्याच वर्षी मशीनसमोर उभं केलं होतं. आणि मी काल मागितलेली ती माफी आहे ना? ती दे परत."

"दिली."

"हं. आता मी जिना उतरते. सुझन, हात दे गं. याचा नको."

पेंगिली सरळ तळघराकडे निघाले. जिन्याच्या तळाशी तेविता एका खोक्यावर बसला होता. त्यांना बघून तो उठला.

"टीव्हीवर ऐकलं साहेब तुमचं."

"मी माफी मागायला आलो. आता तरी सुटलात ना तुम्ही?"

तेविताने टोपी दुसऱ्या हातात घेतली. "तसं नाही झालं. सकाळी तुम्हाला भेटून आल्यावर मी लिहून दिलंय की दोष सापडला आणि दुरुस्त केला."

"अहो, पण दोष नव्हताच!"

"दोन सेनेटर अडकले म्हणजे असणारच, असं वाटलं. मुकादम म्हणाला, काहीतरी लिही, नाहीतर कंत्राट जाईल. मी लिहिलं, दरवाजाची पट्टी बदलली. आता मुकादम म्हणतो, नसलेला दोष दुरुस्त करणारा माणूस आपल्याला नको." त्याने टोपी परत पहिल्या हातात घेतली. "साहेब, तुमच्याकडे चुकलेलं मत उभं राहून परत मागता येतं. तसं आमच्यात काही नसतं का?"

"चला," पेंगिली म्हणाले.

मुकादमाचे नाव ग्लेन. तो टेबलाशी बसून मटण भरलेली पेस्ट्री खात होता, वर लाल सॉस. पेंगिली त्याच्यासमोर उभे राहिले आणि सगळे पहिल्यापासून पुन्हा सांगितले. चहाचा मग, फेस, खालच्या बाईंचा गालिचा, मोरी, घड्याळ. इथे कुणी हसले नाही. त्यामुळे ते फार लांबले.

"म्हणजे लिफ्ट चांगली होती," ग्लेन म्हणाला.

"चांगली होती. मी खोटं बोललो म्हणून यांनी खोटं लिहिलं. आणि तुम्ही लिहायला लावलं म्हणून."

ग्लेनने टेबलावरचा सॉसचा डाग पुसला. मग थोडा आणखी पुसला. "बरं, याचं ते रद्द करतो. राहू दे त्याला कामावर. पण एवढा वेळ लिफ्ट बंद होत्या, त्याचं कारण काय लिहू? मोकळं सोडता येत नाही तिथं."

"लिहा," पेंगिली म्हणाले. "सेनेटर पेंगिली यांचा गंजीफ्रॉक."

ग्लेनने खरोखरच टाइप करायला घेतले. तेविताने पुढे होऊन त्याच्या हातावर आपला भला मोठा हात ठेवला.

"नाव कशाला?" तो म्हणाला. "नुसतं 'गंजीफ्रॉक' लिही. कुणाचाही असू शकतो."

सगळे सभागृह हसले तेव्हा पेंगिली समोर बघत उभे राहिले होते. तेविताच्या या बोलण्यावर मात्र त्यांनी तोंड भिंतीकडे केले, आणि तिथे टांगलेली लिफ्ट वापरण्याविषयीची सूचना पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.